जनाबियातली विचारणा

प्रभुभोजनाची भाकर सुरेखाबाईंनी स्वतःच भाजली आणि ती एका बाजूने करपली. सुनेच्या, निवेदिताच्या, काचेच्या शेगडीशी त्यांचं तीन महिन्यांत काही जमलं नव्हतं. करपलेली बाजू खाली करून त्यांनी भाकर ताटलीत ठेवली, वर पांढरा रुमाल घातला आणि मनामाजवळच्या जनाबियातल्या मुलाच्या घरात त्या मोठ्या बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या टोकाला बसल्या. छाती थोडी धपापत होती. शनिवारी त्यांचं विमान होतं आणि बुधवारी नागपुरात हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टर म्हणाला होता, वयाच्या मानाने ठीक आहे. हे ‘वयाच्या मानाने’ त्यांना अजिबात आवडलं नव्हतं.

त्याआधी दोन्ही मुलांबरोबर एकदा भाकर मोडायची, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी आल्यापासून इतक्या वेळा बोलून दाखवली होती की थोरल्या शैलेंद्रने शेवटी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली. शुक्रवार, सकाळी दहा, आई.

खंडात्यांच्या, म्हणजे सुरेखाबाईंच्या सासरच्या घरात प्रभुभोजनाआधी विचारणा व्हायची. मनामाच्या चर्चमधल्या लोकांना ही पद्धत ठाऊकही नव्हती. ती धमतरीच्या मेनोनाइट पंथाच्या मंडळीतून आलेली. शैलेंद्रचे पणजोबा रावजी एकोणिसशे सालच्या दुष्काळात भंडाऱ्याकडून चालत निघाले आणि धमतरीच्या मिशनच्या अनाथालयात पोचले. बरोबर निघालेल्यांपैकी दुसरं कुणी पोचलं नाही. तिथल्या परदेशी पाद्र्यांनी त्यांना पेज दिली, सुतारकाम शिकवलं आणि हेही शिकवलं की हत्यार धरायचं नाही, हत्याराला हात लावायचा नाही, आणि कुणाशी बिनसलेलं असेल तर भाकरीला हात लावायचा नाही. मग भाकर मोडायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं, देवाशी, घरच्यांशी, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी तुझी शांती आहे का? सगळे ‘आहे’ म्हणाले तर एकमेकांचे पाय धुवायचे आणि भोजनाला बसायचं. एकजण जरी ‘नाही’ म्हणाला तर ताटली झाकलेलीच राहायची.

लोक बहुतेक ‘आहे’च म्हणत, हा भाग वेगळा. चाळीस वर्षांत सुरेखाबाईंनी फक्त दोन ‘नाही’ ऐकले होते, त्यातला एक बोरीच्या झाडावरून होता. विचारणा त्यांचे यजमान करायचे, ते मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून सुरेखाबाई स्वतः करत होत्या. बाईने विचारणा करावी का, असा प्रश्न नागपूरच्या मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी काढला होता. सुरेखाबाई त्यांना म्हणाल्या होत्या, मग तुम्ही या ना माझ्या घरी, पाय धुतो तुमचे. ते आले नाहीत.

विचारणा फक्त बाप्तिस्मा घेतलेल्यांची होत असे. मेनोनाइट लोक तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठा होतो, समजून उमजून स्वतः मागतो, तेव्हाच. निवेदिता पुण्याची, हिंदू घरातली, लग्नाला एकोणीस वर्षं झालेली. तिने कधी मागितला नव्हता, आणि सुरेखाबाईंच्या यजमानांनी तिला कधी विचारलं नव्हतं. अशा दिवशी ती कोमट पाण्याचं घंगाळ भरून आणायची आणि खांद्यावर टॉवेल टाकून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची. आजही ती तिथेच उभी होती.

‘मयुरेश,’ सुरेखाबाईंनी धाकट्याला विचारलं, ‘देवाशी, घरच्यांशी, शेजाऱ्यांशी तुझी शांती आहे का?’

‘शांती आहे,’ मयुरेश म्हणाला. शैलेंद्र काम करायचा त्याच तुबलीच्या वर्कशॉपमध्ये तो सहा वर्षं फिटर होता, आणि घाईघाईत बोलायची त्याला सवय होती.

‘शैलेंद्र?’

‘शांती आहे.’

‘मग देवाचं नाव घेऊन…’

‘माझी नाही,’ निवेदिता म्हणाली.

तिने टॉवेल खांद्यावरून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

शैलेंद्रला पहिल्यांदा वाटलं, ही पाण्याबद्दल काहीतरी बोलते आहे. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. हा चेहरा त्याने मंगळवारपासून पाहायचं टाळलं होतं, त्यासाठी तीन दिवस तो वर्कशॉपमध्येच जेवला होता.

‘निवेदिता, तुला विचारलेलं नाही,’ तो शक्य तितक्या हळू म्हणाला.

‘माहीत आहे. एकोणीस वर्षं माहीत आहे.’

‘मग आत्ता काय? आईचं ऑपरेशन आहे. प्लीज, नंतर बोलू.’

‘नंतर म्हणजे रविवारी सकाळी ड्रॉइंग गेल्यावर?’

मयुरेशने मान खाली घातली. सुरेखाबाईंनी ते बरोबर पाहिलं. ह्या पोराने लहानपणी साखर चोरली की अशीच मान घालायची, आणि आता चाळिशीला आला तरी त्यात सुधारणा नव्हती.

‘काय ड्रॉइंग?’ त्यांनी विचारलं. ‘काय करून राहिले तुम्ही लोक?’

‘काही नाही आई. एक जॉब आहे. पिकअप गाड्यांच्या मागे स्टँड बसवायचे. आग विझवायला पाण्याचा जोरदार फवारा मारतात ना, त्याचे.’

‘मलाही असंच सांगितलं होतं,’ निवेदिता म्हणाली. ‘आई, मी त्याच वर्कशॉपची डिझाइन इंजिनिअर. स्टँडवर किती जोर येणार त्याचे आकडे माझ्याकडे आले. पाण्याचा फवारा मारला की मागे रेटा येतो, पण तो सलग येतो. ह्या आकड्यांमध्ये सेकंदाला दहा धक्के होते. पाणी असे धक्के देत नाही.’

सुरेखाबाईंना इंजिनिअरिंगमधलं काही कळत नव्हतं, पण दहा धक्के कळले.

‘बंदूक?’

‘मशीनगन. गोल फिरणारी.’

शैलेंद्र उभा राहिला. उंच माणूस, बसल्या जागी त्याला भांडता येत नसे. ‘ओके. हो. आहे. मग? गार्ड ड्यूटीच्या गाड्या आहेत, कुणावर चालून जायला नाही. आणि आम्ही बंदूक नाही बनवत, लोखंडी स्टँड बनवतो. आपण नाही केलं तर तुबलीत शेजारच्या गल्लीत सोमवारी करतील. वर्षभर वर्कशॉपला धड काम नाही, आई. बावीस माणसं आहेत. ह्या मयुरेशचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो. काम नसेल तर रिन्यू होणार नाही. नागपूरला ह्याची बायको सामान बांधून बसली आहे इकडे यायला. तिला जाऊन तूच सांग.’

मयुरेशला वाटलं, आपलं नाव घ्यायला नको होतं. त्याची मुलगी सात महिन्यांची होती आणि त्याने तिला दोनदाच उचललं होतं. स्टँडचा पहिला नमुना त्यानेच जोडला होता. जोडतानाच त्याला कळलं होतं की ह्याला पाण्याची नळी यायला कुठे जागाच नाही. त्याने विचारलं नाही. विचारलं की कळतं, आणि कळलं की काहीतरी करावं लागतं, हे त्याने फार आधी ताडलं होतं.

‘वहिनी,’ तो म्हणाला, ‘जाऊ द्या ना. खलास करा विषय. तुम्ही सही करा, एवढं एकच काम. पुढच्या वेळी नाही घेणार आपण असलं.’

‘मीच का सही करायची, मयुरेश?’

‘तुम्ही इंजिनिअर आहात.’

‘तुझा दादाही आहे. तपासणारा म्हणून दर ड्रॉइंगवर त्याची सही असते. ह्या वेळी त्याने स्वतःचं नाव काढून टाकलं. काढणारी मी, तपासणारी मी. का, ते त्यालाच विचार.’

शैलेंद्रने विचारायची वाट पाहिली नाही. ‘निवेदिता, बास.’

‘मी लतीफभाईंना विचारलं,’ ती म्हणाली. लतीफभाई वर्कशॉपचे मालक, रत्नागिरीचे, पंचवीस वर्षं तुबलीत. ‘ते बिचारे गोंधळले. म्हणाले, भाभी, मी तर आधीच शैलूभाईंना बोललो, तुमच्या घरात हे चालत नाही, तुमच्या आजोबांची गोष्ट तुम्हीच सांगितलीय मला, मग कसं करायचं? तर शैलूभाई म्हणाले, काही प्रॉब्लेम नाही, ड्रॉइंग निवेदिता करेल, तिला आमच्यात मोजत नाहीत.’

सांगताना तिचा आवाज चढला नाही. तिला राग आला होता. बंदुकीचा होताच, पण त्याहून जास्त राग त्या चार शब्दांचा होता. नवऱ्याला हत्याराचा विटाळ नको होता, म्हणून त्याने घरातलाच एक हात शोधला, जो त्याच्या देवाच्या हिशेबात बसत नव्हता. आणि असा हात सोबत आहे ह्याचं त्याला बरंच वाटलं असणार. एकोणीस वर्षांत आपला असाही उपयोग होईल असं तिच्या मनात आलं नव्हतं.

‘मी तसं नाही म्हणालो,’ शैलेंद्र म्हणाला.

‘मग कसं म्हणालास?’

‘मी म्हणालो की… हे बघ, तू कधी शपथपूर्वक, म्हणजे मंडळीपुढे काही कबूल केलेलं नाहीस. मी केलंय. सतरा वर्षांचा असताना, सगळ्यांसमोर. मला तो नियम लागतो. तुला लागत नाही. टेक्निकली मी चुकीचं काय बोललो?’

‘टेक्निकली,’ सुरेखाबाई म्हणाल्या.

एवढंच. पण तो शब्द त्यांच्या तोंडून आला तेव्हा शैलेंद्रचे कान लाल झाले.

‘आई, तू तरी समजून घे. त्या मिशनरी लोकांना नाही म्हणायला परवडत होतं. त्यांच्या पाठीशी त्यांचा देश होता, शेतीवाडी होती, ते परत गेले. आजोबांनी बेचाळीस साली काडतुसांच्या पेट्या करायला नकार दिला, दर ख्रिसमसला ती गोष्ट ऐकायची आणि टाळ्या वाजवायच्या. पुढचं कुणी सांगतं का? नोकरी गेली आणि चार वर्षं आजी लोकांची धुणी धुवायची. आपण व्हिसावर जगणारी माणसं आहोत. आपल्याला गोष्टीतलं वागून चालत नाही.’

‘पुढचं मला माहीत आहे,’ सुरेखाबाई म्हणाल्या. ‘तिच्या हाताच्या चिरा मी तेल लावून भरल्या आहेत. तिने मला सांगितलं होतं, सुरेखा, नाही तो म्हणाला आणि धुणी मी धुतली. त्या गोष्टीत माझं नाव नाही, असं म्हणायची ती. बरोबर आहे तुझं, शैलू. ह्या घरात नाही म्हणणारे पुरुष आणि निस्तरणाऱ्या बायका. पण तू तर पुढे गेला. तू नाहीही म्हणाला नाही, आणि निस्तरायला बायको दिली.’

त्यांना बोलता बोलता धाप लागली. निवेदिता पाणी घेऊन पुढे झाली. सुरेखाबाईंनी पेला घेतला, पण प्यायल्या नाहीत. त्यांना एक जुना दुपारचा प्रहर आठवत होता. त्या लग्न करून ह्या घरात आल्या तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता, दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये, त्या दीड महिन्याच्या असताना. सासऱ्यांनी फार प्रेमाने सांगितलं, बाई, तुला विचारून केलेला नाही तो, आम्ही तो धरत नाही. मग तीन वर्षं टॉवेल खांद्यावर टाकून दाराशी उभं राहायचं त्यांच्याही वाट्याला आलं. तीन वर्षांनी त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. समजून उमजून घेतला, असं सगळे म्हणाले. खरं तर उभं राहून पाय दुखले होते. हे त्यांनी यजमानांनाही कधी सांगितलं नाही.

‘निवेदिता,’ त्या म्हणाल्या, ‘तुला बाप्तिस्मा पाहिजे काय?’

‘नाही.’

‘मी आज विचारून राहिली म्हणून भिडेखातर नको सांगू.’

‘आई, मला नको आहे. माझ्या आईने दिलेला गणपती माझ्या कपाटात आहे आणि तो तिथेच राहील. पण एकोणीस वर्षं मी दाराशी उभी राहून सगळं ऐकलं. बाबा वाचायचे ते ऐकलं. तुम्ही मला म्हणाला होतात, ऐकलं ते तुझं. मग ते माझं आहे. शत्रूवरसुद्धा हात उचलायचा नाही, हे मला पटलं. तुमच्या मुलांनी त्यावर कधी विचार केला असेल नसेल, मी केला. मी ह्या ड्रॉइंगवर सही करणार नाही. आणि मला मोजत नाहीत म्हणून तर मुळीच करणार नाही.’

‘मग राजीनामा दे,’ शैलेंद्र म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते नकोसं वाटलं, पण तो मागे हटला नाही. ‘मी करतो सही. माझी आहे जबाबदारी, मी घेतो. झालं? आता तरी आईला भोजन घेऊ दे. विचारणा झालेली आहे. ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं आणि ते आहे म्हणाले. नियम नियम आहे.’

तो पुन्हा सोफ्यावर बसला आणि त्याने पायातले मोजे काढायला सुरुवात केली, पाय धुवायचे म्हणून. मयुरेश त्याच्याकडे पाहत राहिला.

सुरेखाबाईंनी पेला खाली ठेवला. त्यांना हे भोजन हवं होतं. बुधवारी टेबलावर झोपवतील तेव्हा काय होईल ते कुणाला माहीत, आणि दोन्ही मुलांच्या हातची भाकर खाऊन जावं, एवढ्यासाठी त्या तीन महिने ह्या गार खोल्यांमध्ये राहिल्या होत्या. आत्ता ‘आमेन’ म्हटलं असतं तर मिळालंही असतं. निवेदिता पुन्हा टॉवेल उचलून उभी राहिली असती, त्यांना खात्री होती. सून चांगली होती. हीच तर अडचण होती.

‘निवेदिता, इकडे ये. बस.’

‘आई, हे नियमात नाही,’ शैलेंद्र म्हणाला.

‘बाईने विचारणा करणंही नियमात नव्हतं. तू चूप बस.’

निवेदिता समोरच्या खुर्चीत बसली. सुरेखाबाई तिच्याकडे वळल्या आणि नेहमीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, ‘देवाशी, घरच्यांशी, शेजाऱ्यांशी तुझी शांती आहे का?’

‘नाही,’ निवेदिता म्हणाली.

‘झालं. मोजलं मी तुला. आता मला विचार. विचारणाऱ्याला कुणी विचारत नाही, ह्यांनाही कुणी विचारलं नाही कधी. तू विचार.’

निवेदिताने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. ‘आई, तुमची शांती आहे का?’

‘नाही.’

‘आई,’ शैलेंद्र म्हणाला, ‘तू भोजन न घेता जाणार आहेस का ऑपरेशनला?’

‘जाईन. देव माझी भाकर नाही मोजत बसणार. तो विचारेल, सुनेला दाराशी उभं करून खाल्लंस का. मग मी काय सांगू त्याला?’

मयुरेशने घसा खाकरला. त्याच्या डोळ्यांपुढे नागपूरची खोली होती, बांधलेल्या बॅगा होत्या, मुलगी होती. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. तरी तो बोलला.

‘माझंही ते आहे म्हणालो ते खरं नाही. पहिला पीस मीच वेल्ड केला. मला समजलं होतं.’ तो भावाकडे न बघता बोलत होता. ‘व्हिसा गेला तर गेला, दादा. म्हणजे जाऊ नये. पण मी दुसरा पीस नाही करणार.’

‘वा,’ शैलेंद्र म्हणाला. ‘म्हणजे सगळे साधुसंत आणि मी एकटा कसाई.’

‘असं कोण म्हणालं?’ सुरेखाबाईंनी ताटली उचलली. वरचा रुमाल काढला. भाकर तशीच होती, साधी, बिनमिठाची. त्यांनी ती शैलेंद्रसमोर टीपॉयवर ठेवली, आणि शेजारी द्राक्षरसाचा पेला. ‘आमच्या तिघांची शांती नाही, आम्ही घेऊ शकत नाही. तू आहे म्हणाला. नियम नियम आहे. तू घे.’

‘एकट्याने?’

‘एकट्याने. मोड आणि घे. आम्ही बसतो इथे.’

कुणी उठलं नाही. निवेदिताही नाही. शैलेंद्रच्या एका पायात मोजा होता आणि दुसऱ्यात नव्हता. त्याने भाकरीकडे पाहिलं. रविवारची तारीख त्याच्या डोक्यात होती, बावीस माणसं होती, बँक होती, लतीफभाई होते, आणि हे सगळं काही खोटं नव्हतं. तो चांगला माणूस आहे असं त्याला आजवर वाटत आलं होतं, आणि त्याचा पुरावा म्हणजे ह्या घरातल्या माणसांनी ते कधी नाकारलं नव्हतं. त्याने हात पुढे केला. बोटं भाकरीच्या कडेला लागली. ती अजून थोडी कोमट होती. समोर त्याची बायको बसली होती, हात मांडीवर ठेवून, आणि ती त्याच्याकडे सरळ बघत होती. ती विनवणी करत नव्हती. तो काय करतो ते पाहायला थांबली होती, एवढंच.

त्याने हात मागे घेतला. मग ताटली दोन्ही हातांनी आईकडे सरकवली.

‘विचार पुन्हा,’ तो म्हणाला.

‘शैलेंद्र, देवाशी, घरच्यांशी, शेजाऱ्यांशी तुझी शांती आहे का?’

‘नाही.’

‘बरं,’ सुरेखाबाई म्हणाल्या आणि ताटलीवर रुमाल घातला. ‘आता लतीफभाईला फोन लाव. स्पीकरवर ठेव.’